मॅनेजरचे माप

वडिलांच्या पश्चात त्यांच्या घरातील सामानाची वाटणी तिन्ही भावंडांनी एका दुपारात आणि आवाज न चढवता उरकली, याचे नातेवाइकांत फार कौतुक झाले. भिंतीवरचे घड्याळ मधल्याकडे गेले, शिवणयंत्र छोटीकडे गेले, हत्यारांची पेटी दादांकडे गेली. ज्या वस्तूवर दोघांचा डोळा होता तिच्यासंबंधी तिसऱ्याने समजूतदारपणावर चार शब्द सांगितले. ज्या वस्तूवर कोणाचाच डोळा नव्हता ती भंगारवाल्याने नेली. संध्याकाळी खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा लक्षात आले, की बैठकीच्या खोलीत मधोमध एक ऐवज अजून पडून आहे. दिवसभर सगळ्यांनी त्याला वळसा घालूनच कपाटे हलवली होती. तो मॅनेजर होता.

मॅनेजर हा वडिलांचा कुत्रा. दारात आडवे पडून राहायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयाने पाहायचे, अधूनमधून गुरगुरायचे आणि प्रत्यक्ष काम कोणतेही करायचे नाही, ही लक्षणे पिल्लू असतानाच दिसल्यामुळे वडिलांनी त्याला हे नाव दिले. स्वतः वडिलांची हयात निरनिराळ्या मॅनेजरांच्या हाताखाली गेली होती. उतारवयात एखादा मॅनेजर आपल्या हाताखाली असावा, एवढी माफक इच्छा त्यांनी पुरी करून घेतली. आता मॅनेजरही म्हातारा झाला होता. अंगाने वासराएवढा, तोंडाने पांढराफटक, एका कानाने बहिरा आणि मागच्या पायांनी अधू. उठायचे ठरवल्यापासून प्रत्यक्ष उठेपर्यंत त्याला इतका वेळ लागे, की पुष्कळदा मध्येच त्याचा विचार बदले.

घर एका डॉक्टरांनी विकत घेतले होते. महिनाअखेर ताबा द्यायचा होता. "घर रिकामं हवं," असे बजावून डॉक्टर जरा थांबले आणि मॅनेजरकडे पाहून म्हणाले, "रिकामं म्हणजे रिकामं."

"मी नेला असता," मधला भाऊ म्हणाला. "पण आमच्याकडे केसांची ॲलर्जी आहे."

"कोणाला?" दादांनी विचारले.

"तसं सगळ्यांनाच आहे. थोडी थोडी."

छोटी पन्नाशी ओलांडलेली असली तरी घरात अजून छोटीच होती. तिने डोळ्यांना रुमाल लावला. "मला त्याच्यात बाबा दिसतात रे. रोज समोर बाबा दिसले तर मी कशी जगू?" बाबा हयात असताना ते रोज दिसू नयेत याची तिने पुरेशी काळजी घेतली होती, हे त्या वेळी कोणी बोलून दाखवले नाही.

मग दोघांनी दादांकडे पाहिले. दादा गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडे शक्य नाही. तांत्रिक कारण आहे."

यावर कोणी वाद घातला नाही. दादा एका मोठ्या कारखान्याच्या निरीक्षण विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. तेथे तयार झालेला प्रत्येक नग त्यांच्या हाताखालून जाई आणि त्यांच्या शिक्क्यावाचून फाटकाबाहेर पडत नसे. साक्षात मेव्हण्याच्या वर्कशॉपमधून आलेला माल त्यांनी केसभर फरकासाठी परत पाठवला होता, आणि त्या केसासाठी सासुरवाडीचा अबोला कित्येक वर्षे सोसला होता. अशा माणसाच्या तांत्रिक कारणाचा तपशील विचारण्याची प्रथा त्या घरात नव्हती.

"मात्र त्याला योग्य घर शोधून देण्याची जबाबदारी माझी," दादा म्हणाले. "घर तपासल्याशिवाय कुत्रा द्यायचा नाही."

"आणि तोवर त्याचं खाणंपिणं?" दारातून वहिनींनी विचारले. दादांच्या पत्नीला सगळे घर, सगळी आळी आणि कधी कधी विसरून दादासुद्धा वहिनीच म्हणत.

"ते आपण सगळे बघू," तिघेही एकदम म्हणाले. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून वहिनी रोज दोन वेळा डबा घेऊन त्या रिकाम्या घरात जाऊ लागल्या.

दादांनी कामाला पद्धतशीर सुरुवात केली. कारखान्यात भोक बरोबर आहे की नाही हे पाहायला पट्टी लावत बसत नाहीत. ठरलेल्या मापाचा एक पक्का ठोकळा करतात. तो आत गेला तर माल पास, न गेला तर नापास. वाद नाही, वशिला नाही. दादांनी पोलादी टेप घेऊन मॅनेजरचे माप घेतले. श्वास घेतला की माप वाढे आणि सोडला की उतरे, म्हणून त्यांनी श्वास घेतल्यावरचे माप ग्राह्य धरले. या सगळ्या काळात मॅनेजरने एकदा जांभई दिली, तेवढ्यापुरते तोंडाचे माप रद्द करावे लागले. मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून दादांनी दोन चौकटी बनवल्या. एक उभी, मॅनेजरच्या रुंदी-उंचीची. ती ज्या दारातून जाईल त्यातून मॅनेजर जाईल. दुसरी आडवी, नाकापासून शेपटीपर्यंतच्या लांबीची. ती जमिनीवर जेथे सपाट बसेल तेथे मॅनेजर झोपू आणि वळू शकेल.

"कुत्र्याला सासरी पाठवताय का मशीन बसवताय?" वहिनींनी विचारले.

"भावनेच्या भरात निर्णय चुकतात. मापात चुकत नाहीत."

दोन्ही चौकटी खांद्याला अडकवून दादा घरे पाहायला निघत, तेव्हा रस्त्यातले लोक त्यांना थांबवून फोटो मढवण्याचा दर विचारीत.

छोटीने आपल्या मोबाइलवरून जाहिरात केली होती: प्रेमळ, शांत, अनुभवी सोबती हवा आहे का. सोबत मॅनेजरचा फोटो होता, पण ऐन तारुण्यातला, हवेत उडी मारतानाचा. त्यामुळे पहिले गृहस्थ मॅनेजरला पाहायला आले ते त्याच्या अंगावरून पुढे जाऊन आतल्या खोलीत डोकावले.

"कुठंय कुत्रा?"

"तुम्ही आता ओलांडलात तो," दादा म्हणाले.

गृहस्थांनी मागे वळून पाहिले. "फोटोत वेगळा होता."

"आपणही लग्नाच्या फोटोत वेगळे असाल."

गृहस्थांनी काढता पाय घेतला आणि या वेळी मॅनेजरला ओलांडताना चपला हातात घेतल्या.

दुसरा आला तो गोदामवाला. त्याच्या गोदामात दादांच्या दोन्ही चौकटी काय, मॅनेजरसकट ट्रक वळला असता. पण त्याने विचारले, "भुंकतो का?"

"विचार करून भुंकतो."

"चोर विचार करायला थांबतील का?" गोदामवाला म्हणाला. तेवढ्यात दादांना खांबाला अडकवलेली साखळी दिसली. तिची लांबी आडव्या चौकटीच्या निम्मीही नव्हती. नापास.

तिसऱ्या होत्या ध्यानवर्ग चालवणाऱ्या ताई. त्यांच्याकडे गालिचे होते, उदबत्त्यांचा मंद वास होता, दारे प्रशस्त होती. चौकटी सुतासारख्या आत गेल्या. मॅनेजरच्या फोटोवर हात ठेवून ताई बराच वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "याचा आत्मा फार जुना आहे."

"शरीरही जुनंच आहे," दादा म्हणाले आणि त्यांनी आपले ठरलेले प्रश्न काढले. "सकाळी बाहेर कोण नेणार? पायरी चढता आली नाही तर कोण उचलणार? घरात घाण केली तर कोण पुसणार?"

"आम्ही सगळे," ताई प्रसन्नपणे म्हणाल्या.

"'आम्ही' म्हणजे नेमके कोण?"

हा दादांचा हुकमी प्रश्न होता. कारखान्यात नग बिघडला की सगळे खाते 'आमच्याकडून राहून गेले' म्हणून मोकळे होई. तेव्हा दादा हाच प्रश्न विचारीत आणि एक माणूस समोर येईपर्यंत जागचे हलत नसत. 'आम्ही'ला हात नसतात, हे त्यांचे लाडके वाक्य होते. ताईंनी शिष्यांकडे पाहिले, शिष्यांनी डोळे मिटले. दादांनी चौकटी उचलल्या.

आणि मग गादीवाल्या बाई. त्यांचे दुकान रस्त्याच्या टोकाला होते. पुढे गाद्या शिवायची जागा आणि मागे राहायची खोली. बाई अंगाने ऐसपैस होत्या. केसांत, भुवयांत, पदरावर कापूस होता आणि ओठांत मोठी सुई होती. ती न काढताच त्या बोलत.

"बसा. कुठंही बसा, इथं सगळं बसायसाठीच आहे."

दादा उभेच राहिले. "कुत्रा मोठा आहे."

"चौकटीवरून दिसतंय."

"म्हातारा आहे."

"मी तरी कुठं लग्नाची राहिलेय."

"सकाळी बाहेर कोण नेणार?"

"मी."

"पायरी चढता आली नाही तर उचलणार कोण?"

"मीच. दिवसभर गाद्या उचलते, त्या काय स्वतःच्या पायांनी चालतात?"

"घाण केली तर?"

"मी पुसणार. दुसरं आहे कोण? नवरा वर गेला, मुलगा परदेशी गेला. दोघांनीही जाताना विचारलं नाही."

दादा मनातून चमकले. इतक्या दिवसांत प्रत्येक प्रश्नाला एकच माणूस उत्तर म्हणून मिळाला, असे पहिल्यांदा घडत होते. पण पद्धत म्हणजे पद्धत. पुढच्या दुकानातून मागच्या खोलीत जायला गाद्यांच्या दोन थप्प्यांमधून वाट होती. दादांनी उभी चौकट तेथे धरली. चौकट अडली. त्यांनी ती नेटाने पुढे ढकलली, तेव्हा गादी आत दबली. दादांनी ताबडतोब जोर काढून घेतला, कारण तपासणीत जोर लावणे हा गुन्हा आहे.

"वाट अपुरी आहे," ते म्हणाले. "क्षमा करा. नापास."

बाईंनी ओठांतली सुई काढली. बहुधा हे वाक्य त्यांना सुईसकट बोलण्याजोगे वाटले नसावे. "अहो, त्या गाद्या आहेत. भिंती नाहीत."

"माप माप असतं," दादा म्हणाले आणि निघाले.

महिना सरत आला. पडद्यांची मापे घ्यायला डॉक्टरांचा माणूस येऊन गेला. मॅनेजर त्याच्याकडे पाहून विचार करून भुंकला. मधल्याने फोन करून सुचवले, की गावाबाहेर प्राण्यांचा आश्रम आहे, तिथे सोडू. "तिथं त्याला सोबत मिळेल, दादा. आपण सगळे अधूनमधून भेटायला जाऊ."

दादा आश्रम पाहायला गेले. चौकट तेथेही नेली होती, पण काढली नाही. पिंजऱ्यांच्या रांगांपुढून चालताना त्यांना आपल्या कारखान्यातले नापास मालाचे दालन आठवले. आश्रमाच्या रखवालदाराला त्यांनी विचारले, "मोठा, म्हातारा कुत्रा असला तर लोक नेतात का इथून?"

"आणून सोडतात," रखवालदार म्हणाला.

घरी येऊन दादा सोफ्यावर बसले. वहिनींनी त्यांना पाणी दिले आणि कोपऱ्यात टेकवलेली उभी चौकट उचलली.

"काय करतेस?"

"तपासणी." वहिनींनी चौकट मुख्य दारातून आत-बाहेर नेली. मग स्वयंपाकघराच्या दारातून, झोपायच्या खोलीच्या दारातून, बाल्कनीच्या दारातून. कोठेही लागली नाही. आडवी चौकट त्यांनी बैठकीत अंथरली. ती सपाट बसली आणि वर चारही बाजूंना जागा उरली. "तुम्ही सगळ्या गावाची घरं मापलीत. हे तेवढं राहिलं होतं."

"स्वतःच्या मालाची तपासणी स्वतः करायची नसते. बाहेरचा निरीक्षक लागतो."

"मग मी बाहेरचीच. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"जिना आहे," दादा म्हणाले. "त्याचे मागचे पाय—"

"एक मजला. बाबा त्याला घेऊन दर रविवारी यायचे. बंद केलं ते तुम्ही, फरशीला पॉलिश केल्यावर. नखांचे ओरखडे उठतात म्हणून. बाबा काही बोलले नाहीत. मग तेही यायचे कमी झाले." वहिनींनी चौकट भिंतीला टेकवली. "ते तुमचं तांत्रिक कारण."

दादांनी फरशीकडे पाहिले. ती अजून चकाकत होती आणि तिच्यात त्यांचे तोंड दिसत होते. ते पाहावेसे न वाटल्याने त्यांनी नजर पंख्याकडे नेली. कारखान्यात त्यांनी पुष्कळांना असे वर पाहताना पाहिले होते.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "आणू या त्याला इकडे. आपण सांभाळू."

"आपण म्हणजे नेमकं कोण?"

त्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याच्या बाजूने तो केवढा मोठा दिसतो, हे दादांना ठाऊक नव्हते.

"तुमच्या आईच्या आजारपणात आपण बघू म्हणालात," वहिनी म्हणाल्या. "बाबांच्या डब्याचं आपण बघू म्हणालात. या कुत्र्याचं तर तुम्ही तिघं एका सुरात म्हणालात. तुमच्या 'आपण'मध्ये मी एकटीच असते हो. इतकी वर्षं आहे, कंटाळले." त्यांचा आवाज चढला नाही. भाजीचा भाव सांगावा तसे त्या सांगत होत्या. "घर पास आहे. माणूस नापास."

मेव्हण्याचा माल परत पाठवताना दादांनी जी शेऱ्याची भाषा वापरली होती, तीही इतकी कोरडी नव्हती.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारले. घरात हा प्रश्न त्यांनी पूर्वी कधी विचारल्याचे वहिनींना आठवत नव्हते.

"एकच बाई होती तिन्ही वेळा 'मी' म्हणणारी. तिला तुम्ही गादी आड आली म्हणून नापास केलंत."

ताब्याच्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी मॅनेजरला घेऊन गादीवाल्या बाईंकडे निघाले. अंतर थोडे होते, पण मॅनेजरला प्रत्येक खांबाची हजेरी घ्यायची होती. दुकानाच्या पायरीशी तो थांबला आणि त्याने दादांकडे पाहिले. दादांनी वहिनींकडे पाहिले. वहिनी समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागल्या. तेव्हा दादांनी वाकून मॅनेजरचा मागचा भाग उचलून पायरीवर ठेवला, आणि कमरेत उठलेली कळ चेहऱ्यावर येऊ न देण्याचा प्रयत्न केला, जो फसला.

"या," बाई म्हणाल्या. "वाट रुंद झाली वाटतं?"

दादांनी तोंड उघडण्यापूर्वीच मॅनेजर चालू पडला. दोन थप्प्यांमध्ये तो शिरला, एका बाजूने टेकला, दुसऱ्या बाजूने टेकला. गाद्यांनी दोन्ही अंगांनी त्याला इतका छान आधार दिला, की कित्येक महिन्यांत प्रथमच त्याचे मागचे पाय डगमगले नाहीत. पलीकडे जाऊन तो वळला आणि मुद्दाम आल्यासारखा त्याच वाटेने परत आला. मग पुन्हा गेला.

"चौकटीला जमणार नाही ते," बाई म्हणाल्या.

"माझं चुकलं," दादा म्हणाले. "आपली तयारी अजून असेल तर—"

"तेव्हा मी सगळं करायला तयार होते, तर तुम्ही नको म्हणालात. तो बेत तेव्हाचा. मधल्या काळात मी विचार केला, आणि विचार केला की माणसाच्या अटी वाढतात." बाईंनी सुई ओठांत धरली. "संध्याकाळचं फिरवणं मला जमणार नाही. माझी गिऱ्हाइकं तेव्हाच येतात. रोज येऊन त्याला नेणार कोण?"

"आम्ही—" दादा म्हणाले.

बाई थांबल्या. वहिनींना समोरच्या पाटीवर आणखी काही वाचायचे सापडले. मॅनेजर वाटेच्या मधोमध उभा होता, दोन्ही बाजूंनी गाद्यांवर रेलून, चांगल्या कानाची बाजू पुढे करून.

"मी," दादा म्हणाले.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला तो शब्द फारसा मोठ्याने आला नाही. पण बाईंना ऐकू गेला आणि वहिनींनाही गेला.

"महिनाभर बघते," बाई म्हणाल्या. "मग कायम करते."

त्याच दिवशी मधल्याने आणि छोटीने आपापल्या मोबाइलवर मॅनेजरचा तो उडी मारतानाचा फोटो टाकला. खाली लिहिले, की बाबांच्या लाडक्या मॅनेजरला आम्ही अखेर हक्काचं घर मिळवून दिलं. त्यावर शंभरावर लोकांनी बदाम उमटवले. दादांनी चष्मा पुसून, एका बोटाने, खाली लिहिले: 'आम्ही' म्हणजे नेमके कोण? मधल्याने त्यावर हसरा चेहरा टाकला आणि छोटीने बदाम.

तेव्हापासून दादा रोज संध्याकाळी गादीवाल्या बाईंच्या दुकानी हजर होतात. उशीर झाला तर बाई घड्याळाकडे पाहतात, बोलत नाहीत. कारखान्यात दादाही असेच करीत. मॅनेजर रस्त्याच्या मधोमध थांबून विचार करू लागला की दादा पट्टा धरून उभे राहतात, मागच्या गाड्या भोंगे वाजवतात आणि दादा त्यांना हाताने वळसा घालून जायला सांगतात. महिना होऊन गेला. कायम केल्याचे बाईंनी अजून सांगितलेले नाही आणि दादांनी अजून विचारलेले नाही.

दादांनी दुकानीच सोडलेल्या चौकटींपैकी उभी बाईंनी अभ्रे वाळत घालायला मागच्या दारात टांगली. आडवीचा उपयोग त्यांनी पहिल्याच आठवड्यात केला: तिच्या मापाने कापड बेतले, कापूस भरला आणि मॅनेजरसाठी खास गादी शिवली. "माप आयतंच मिळालं," त्या म्हणाल्या. दादांनी टाके पाहिले आणि मनातल्या मनात पास केले.

मग मॅनेजर तिच्यावर झोपला. झोप लागताच त्याने चारही पाय लांब ताणले, आणि मागचे दोन्ही पाय गादीच्या बाहेर थेट जमिनीवर आले. दादांनी त्याचे माप तो उभा असताना घेतले होते, बसलेला असताना घेतले होते, श्वास घेतल्यावरही घेतले होते. तो झोपलेला असताना पाहायला ते कधी थांबले नव्हते.

"माप चुकलंय तुमचं," बाई म्हणाल्या.

दादांचा हात खिशातल्या टेपकडे गेला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, तसा तो तेथेच राहिला. मग बाईंनी उरलेल्या कापडाची एक उशी अंदाजानेच कापली आणि दोरा ओवून सुई दादांच्या हातात दिली.

"बसा. कुठंही बसा."

या वेळी दादा बसले.